किलोवारी सोनं, तेही कबरीत?

प्रश्न: आमचं गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, छोटं दुकान आहे. परवा एक गिऱ्हाईक सांगत होतं की बल्गेरियात जुन्या कबरींत किलोवारी सोनं सापडलंय आणि ते पिरॅमिडच्याही आधीचं आहे. खरंय का? आणि सोनं गंजत नाही, मग त्याचं वय कळतं कसं? आपल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर असं काही निघालंय का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: अगदी खरंय दादा. काळ्या समुद्राकाठी वार्ना शहर आहे, तिथं 1972 साली चर खणताना एका मशीन ऑपरेटरला पिवळे तुकडे दिसले आणि मग तिथं जवळपास 300 कबरी निघाल्या. सगळं मिळून 3 हजारांवर दागिने, साधारण 6 किलो, म्हणजे 500 तोळ्यांच्या वर.

वय सोन्यावरून काढत नाहीत, तुमचं बरोबर आहे. शेजारच्या हाडांची कार्बन तपासणी केली (हाडांत किरणोत्सारी कार्बन किती उरलाय त्यावरून वय काढतात), हाडं निघाली साडेसहा हजार वर्षांपूर्वीची, गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आधी जवळपास 2 हजार वर्षं! घडवलेल्या सोन्याचा इतका जुना, इतका मोठा साठा दुसरीकडं कुठं सापडलेला नाही.

पण मला वजनापेक्षा वाटणी जास्त महत्त्वाची वाटते. 43 नंबरच्या कबरीत चाळिशी ओलांडलेला एक पुरुष, त्याच्या एकट्याच्या अंगावर दीड किलो, हातात सोन्यानं मढवलेल्या दांड्याची कुऱ्हाड, आणि बाकी कितीतरी कबरींत नुसती भांडी नाहीतर तेवढंपण नाही. लिपी नाही, राजवाडा नाही, तरी लहान-मोठा हा भेद आलाच होता. काही कबरींत तर माणूसच नाही, मातीचा मुखवटा करून डोळ्यांवर, तोंडावर सोनं लावलंय आणि ते पुरलंय. कुणासाठी, ते कुणालाच सांगता येत नाही.

ब्रह्मपुरीत 1945-46 ला खोदकाम झालं ते सातवाहन काळातलं गाव, तिथला ब्राँझचा पोसायडन (ग्रीकांचा समुद्रदेव) टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, पण असलं सोनं नाही. कबरींचंच बघायचं तर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं इनामगाव बघा. तिथं साधारण 3 हजार वर्षांपूर्वी प्रौढ माणसांना पुरताना पावलं तोडायची रीत होती, पण पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात एकाला पावलांसकट, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवून पुरलंय. तो गावचा प्रमुख असावा असं मानतात, आणि मान द्यायला तिथं सोनं लागलं नाही.