नंदुरबार जिल्ह्यातील लहान गावाची लोकसंख्या आणि तिथली बसची सोय खात्रीने कुठे कळेल?

दोन्ही गोष्टी २०११ च्या जनगणनेच्या नंदुरबार जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय मिळतात. ती जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. तिच्या ‘ब’ भागात कुटुंबसंख्या, स्त्री-पुरुष लोकसंख्या, अनुसूचित जमातींची संख्या व साक्षरता दिलेली असते, तर ‘अ’ भागात सार्वजनिक बस, रेल्वे स्थानक, डांबरी रस्ता आणि बारमाही रस्ता यांची नोंद असते. सोय गावात नसेल, तर अंतर अक्षराने दाखवतात: ‘ए’ म्हणजे ५ किलोमीटरपेक्षा कमी, ‘बी’ म्हणजे ५ ते १० आणि ‘सी’ म्हणजे १० किंवा अधिक. धडगाव तालुका तिथे ‘अक्राणी’ या नावाखाली शोधावा; एकाच नावाची गावे अनेक असल्याने सहा अंकी गावक्रमांक जुळवूनच आकडा घ्यावा.

मात्र हे आकडे महसुली गावाचे आहेत, पाड्याचे नाहीत. सातपुड्यात एकाच गावाचे पाडे वेगवेगळ्या डोंगरांवर विखुरलेले असतात, आणि मुख्य गावात बस येते म्हणून टोकाच्या पाड्यावरील गरोदर बाईला किंवा शाळकरी मुलीला ती मिळतेच असे नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत मूळ निकष वस्तीच्या लोकसंख्येचा होता, सपाटीवर ५०० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २५०. पाड्यांची लोकसंख्या ग्रामपंचायतीत आणि बसच्या सध्याच्या फेऱ्या शहादा किंवा अक्कलकुवा आगारात विचाराव्यात.