संपृक्त आणि असंपृक्त हायड्रोकार्बनमध्ये नेमका फरक काय?

हायड्रोकार्बन म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं. कार्बन-कार्बनमधले सगळे बंध एकेरी असतील तर हायड्रोकार्बन संपृक्त. एक जरी दुहेरी किंवा तिहेरी असेल तर असंपृक्त. म्हणून दोन कार्बनच्या इथेनमध्ये 6 हायड्रोजन मावतात, इथीनमध्ये 4, इथाइनमध्ये 2च. दुहेरी बंध उघडून नवे अणू धरतो, हाच खरा फरक, पाठ करायचा तर हा करा. लातूरला दहावीच्या मुलांकडून मी याचा प्रयोग करडईच्या तेलावर करून घेतो: परीक्षानळीत थोडं तेल, दोन थेंब टिंक्चर आयोडिन, नळी गरम पाण्यात धरून हलवायची, तपकिरी रंग हळूहळू उडतो. वनस्पती तुपात दुहेरी बंध कमी, म्हणून तो बराच टिकतो. मात्र तेल-तूप स्वतः हायड्रोकार्बन नाहीत, त्यांत ऑक्सिजनही असतो. प्रयोग फक्त दुहेरी बंध दाखवतो.