सारांश लिहिताना काय ठेवायचं, काय सोडायचं

प्रश्न : मी कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. यूपीएससीची तयारी सुरू केली आहे. सराव चाचणीत माझ्या मराठी सारांशावर सरांनी शेरा मारला, 'हा सारांश नाही, उताऱ्यातली वाक्यं उचलली आहेत.' शब्दमर्यादाही दरवेळी ओलांडते. मैत्रिणी म्हणतात, हा पेपर नुसता पास व्हायचा असतो, एवढा वेळ कशाला घालवतेस? सारांश लिहिणं शिकता येतं का?

उत्तर : नक्की शिकता येतं. मैत्रिणींचं मात्र मनावर घेऊ नकोस. मराठीचा हा पेपर 300 गुणांचा, त्यात सारांश 60 गुणांचा. गुण अंतिम यादीत धरत नाहीत हे खरं, पण 25 टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. पुढे कचेरीत टिपणी लिहायची वेळ येईल तेव्हाही हेच कौशल्य लागेल.

तुझी अडचण बहुधा अशी आहे, की तू वाचता वाचताच लिहायला घेतेस. मग उताऱ्यातलीच वाक्यं हाताखाली येतात आणि मर्यादा संपेपर्यंत निम्मा उताराही झालेला नसतो. एक उदाहरण घेऊ. उतारा असा आहे :

'शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले होते. ते तिकडे असतानाच 26 जुलैला करवीर सरकारच्या गॅझेटात एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. संस्थानच्या नोकरीत यापुढे ज्या जागा रिकाम्या होतील त्यांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांना द्याव्यात, असा त्यात हुकूम होता. ज्या कचेरीत या वर्गांतल्या अंमलदारांचं प्रमाण 50 टक्क्यांहून कमी आहे, तिथली पुढची नेमणूक याच वर्गांतून करावी, असंही त्यात बजावलं होतं.'

विद्यार्थी हमखास लिहितात, 'शाहू महाराजांनी इंग्लंडला असताना 50 टक्के नोकऱ्या राखीव केल्या. हा निर्णय फार थोर होता.' शब्द कमी झाले, पण अर्थ बिघडला. 'रिकाम्या होणाऱ्या' हे शब्द गळाले, त्यामुळे असलेल्या नोकऱ्याच काढून दिल्यासारखं वाटतं. दुसरा हुकूम सुटला. इंग्लंडची गरज नव्हती. आणि निर्णय थोर होताच, पण ते उताऱ्यात नाही, तुझ्या मनातलं आहे. सारांशात स्वतःचं मत घालायचं नाही.

आता हे बघ : 'शाहू महाराजांच्या 1902 च्या जाहीरनाम्याने करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, जिथे त्यांचं प्रमाण कमी, तिथली पुढची नेमणूकही त्यांनाच.' साठेक शब्दांचा उतारा वीस-बावीस शब्दांत आला. परीक्षेत हेच मागतात : एक तृतीयांश, स्वतःच्या शब्दांत, शीर्षक न देता.

माझ्या मते सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे अट. 'यापुढे', 'फक्त', 'बहुतेक', 'जर' असे बारके शब्द घाईत आधी कापले जातात, आणि लेखकाचं म्हणणं नेमकं त्यांच्यावरच उभं असतं. दाखले, विशेषणं, तेच तेच पुन्हा सांगणारी वाक्यं खुशाल कापावीत.

सरावासाठी भवानी मंडपाजवळच्या करवीर नगर वाचन मंदिरात जात जा. 1850 पासूनचं वाचनालय आहे, वर्तमानपत्रं तिथे मिळतील. रोज एकच अग्रलेख दोनदा वाच. मग अंक बाजूला ठेवून, लेखक काय म्हणतो आणि का म्हणतो, ते वहीत दोन ओळींत लिही. त्या ओळींवरून सारांश लिही. लेख उघडायचा तो शेवटी, आकडे आणि अटी ताडून पाहायला. तो सारांश घरी कुणाला तरी वाचून दाखव. लेख न वाचलेल्या माणसाने 'म्हणजे नक्की कुणाला?' असं विचारलं, तर तिथे काहीतरी सुटलंय असं समज.

सुरुवातीचे काही आठवडे घड्याळ लावू नकोस. दोन ओळी नीट जमायला लागल्या, की मग वेळ लावून लिही.