बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांत नेमकं काय शिकवतात?

तुम्ही विचारलंय की मुलीला बारावीनंतर मुंबईत बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळतोय, पण घरातले म्हणतात, इंजेक्शन टोचायला आणि बीपी बघायला चार वर्षं कशाला घालवायची? ताई, मी याच शहरात हा कोर्स केला, बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात ड्युटी केली आणि आता विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डात जाते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंजेक्शन हाताला लवकर बसतं. वेळ लागतो तो पेशंटकडे बघायला शिकायला. डॉक्टर राउंड घेऊन पुढे जातात. नंतर रात्री-अपरात्री काही बिघडायला लागलं तर ते सगळ्यात आधी नर्सच्या लक्षात यायला हवं. का बिघडतंय, आपण लगेच काय करायचं, डॉक्टरांना आत्ता बोलवायचं की थोड्या वेळाने पुन्हा तपासायचं, हे तिला ठरवता यायला हवं. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, पॅथॉलॉजी हे सगळे विषय त्यासाठीच असतात.

साधं श्वास मोजण्याचं घ्या. ‘तुमचा श्वास मोजते’ असं सांगितलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची, पेशंटला वाटू द्यायचं की अजून नाडीच चाललीय, आणि छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० नॉर्मल. काही ठिकाणी न मोजताच अख्ख्या वॉर्डाच्या चार्टवर २० लिहून टाकतात, त्याचा मला मनस्वी राग येतो. कारण पुष्कळदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढायला लागतात. सकाळी १८ असलेले दुपारी २६ झाले, तर पेशंट ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी त्याला सोडून जेवायला जायचं नाही. हे मुलीला पहिल्या वर्षीच शिकवतात. त्यामागचं कारण उमगायला पुढची वर्षं लागतात.

पहिल्या वर्षी नर्सिंग फाउंडेशन नावाचा विषय असतो. त्यात बेड बनवणं, स्पंजिंग, तोंडाची स्वच्छता, बॅक केअर. इथेच काही पालक दुखावतात, ‘आमची मुलगी लोकांची अंगं पुसायला गेली का?’ अहो, अंग पुसताना पेशंटची पाठ दिसते. माकडहाड, टाचा, खांद्याची हाडं, डोक्याचा मागचा भाग इथे दाब पडून कातडी मरते. लाल झालेल्या जागी बोट दाबून बघायचं. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक, लालच राहिली तर बेडसोअरची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हाताने बघायचं, जागा गरम लागते का, कडक लागते का. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. परळच्या के.ई.एम. हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला आणि २०१५ साली त्या गेल्या. तोवर तिथल्या नर्सनीच त्यांना सांभाळलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना एकही बेडसोअर झाला नसल्याची नोंद झाली. मुंबईत नर्सिंग शिकणाऱ्या प्रत्येकीने ही गोष्ट माहीत करून घ्यावी, असं मला फार वाटतं.

मग औषधं. फार्माकॉलॉजीत नावं पाठ करावी लागतात, आणि हिशोबही पक्का लागतो. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचंय, सेट (सलाईनची नळी) २० थेंबांना एक मिलीचा, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. लहान मुलांच्या वॉर्डात ६० थेंबांचा मायक्रो सेट असतो, तिथे हा आकडा चालत नाही. पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत सोडायचं नाही, हृदय थांबू शकतं. ऑर्डरमधला डोस विचित्र वाटला तर देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, समोर कितीही मोठा माणूस असो. हे धाडसही शिकवूनच येतं.

पुढच्या वर्षांत अ‍ॅडल्ट हेल्थ, चाइल्ड हेल्थ, मेंटल हेल्थ, कम्युनिटी (वस्तीतलं आरोग्य) आणि मिडवायफरी (बाळंतपणाची काळजी). मला स्वतःला लेबर रूमचं पोस्टिंग सगळ्यात मोलाचं वाटतं. बाळ रडलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. नर्सचा एक हात मात्र आईच्या पोटावर हवा. गर्भाशय क्रिकेटच्या चेंडूसारखं कडक लागलं पाहिजे. मऊ लागलं की लगेच चोळायचं, मदतीला हाक मारायची, आणि कमरेखाली हात घालून बघायचं, कारण रक्त पाठीमागे साठतं आणि वरून पॅड कोरडं दिसू शकतं. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने आजही बायका जातात, ताई. शिकलेला हात तिथे जीव वाचवतो.

मुंबईचा फायदा असा की इथे बघायला सगळं मिळतं. के.ई.एम., सायन, नायर, जे.जे.ची गर्दी, मुलांसाठी परळचं वाडिया, साथीच्या आजारांसाठी कस्तुरबा, मनोरुग्णांसाठी ठाणं. यातलं काय वाट्याला येईल ते कॉलेजवर अवलंबून. कम्युनिटीच्या पोस्टिंगला वस्तीत घरोघर जावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत टीबीच्या पेशंटला ‘वेगळ्या खोलीत झोपा’ सांगून उपयोग नसतो. खिडकी कुठे आहे, गोळ्या चुकतात त्या का चुकतात, हे विचारावं लागतं. शेवटी शेवटी रिसर्च, मॅनेजमेंट आणि इंटर्नशिप.

अभ्यासक्रमाची आता आठ सेमिस्टर आहेत. जी.एन.एम. हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा असतो आणि त्यातूनही उत्तम नर्स होतात. डिग्रीने पुढे थेट एम.एस्सी.चा रस्ता मोकळा होतो, इतकंच.

त्रास होतोच. सकाळची ड्युटी म्हणजे पहाटेची लोकल, दिवसभर उभं राहणं, घरी येऊन केअर प्लॅन आणि केस बुक लिहिणं. पहिला मृत्यू बघून आली की मुलगी गप्प होईल. त्या दिवशी ‘सोड हे’ म्हणू नका, नुसतं जवळ बसा.

प्रवेश घेण्याआधी इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता तपासा. विद्यापीठाची संलग्नताही बघा. कॉलेजला दोन गोष्टी विचारा: क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं शिक्षण, कुठल्या हॉस्पिटलला असतं, आणि शिक्षिका मुलींबरोबर वॉर्डात उभ्या राहतात का. दुसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर मी तिथे प्रवेश घेणार नाही. आणि हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर आत्ताच सुरू करा. तीन डोस असतात, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत सहा महिने जातात, आणि वॉर्डात सुया त्याआधीच हातात येतात.