आकडा तुझ्या तोंडून नको

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

रुजू होऊन महिना झाला नाही तोच तुझी तक्रार आली, याचा मला आनंदच झाला. ‘संराधन अधिकारी म्हणजे समेट घडवणारा. त्याला निकाल देता येत नाही, नुसतं कामगार आणि मालक दोघांना समोरासमोर बसवायचं. मग या खुर्चीचा उपयोग काय?’ निकाल देण्याची ताकद ज्यांच्या हाती होती, त्यांचं काय झालं ते आधी ऐक.

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर अमेरिकेतल्या कामगार पुढाऱ्यांनी युद्ध संपेपर्यंत संप करणार नाही, असा शब्द दिला. मग तंटे सोडवायला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी जानेवारी १९४२ मध्ये राष्ट्रीय युद्ध कामगार मंडळ नेमलं. चार माणसं कामगारांची, चार मालकांची, चार जनतेची. अध्यक्ष विल्यम डेव्हिस, पेशाने पेटंटचा वकील. (त्याच महिन्यात इकडे ब्रिटिश सरकारने भारत संरक्षण नियमांत ८१-अ हा नियम घातला आणि तंटे सक्तीच्या निवाड्याला धाडायची सोय करून घेतली. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची नाळ तिथेच जुळते.)

या मंडळाचं एक काम मला फार आवडतं. संपच करायचा नाही तर संघटनेत माणसं टिकणार कशी? संघटनांना सक्तीचं सभासदत्व हवं होतं, मालक सक्तीचं नाव काढू देत नव्हते. मंडळाने सुचवलं ते असं: सभासद होण्याची सक्ती कुणावर नाही. जे आज सभासद आहेत त्यांना पंधरा दिवसांची मुदत, बाहेर पडायचं तर खुशाल पडा. राहिलात तर मात्र करार संपेपर्यंत राहायचं. फार थोडे बाहेर पडले. मालकाला ‘आम्ही सक्ती मानली नाही’ असं सांगायची सोय झाली आणि संघटनेचं बळ शाबूत राहिलं. भांडण एका शब्दावर अडलं होतं. मंडळाने तो शब्द बाजूला ठेवला आणि तारीख पुढे केली. हे कलम कुठे मिळालं तर दोनदा वाच.

त्याच मंडळाने जुलै १९४२ मध्ये पोलादाचा निकाल दिला. चार पोलाद कंपन्यांचे कामगार रोजाला एक डॉलर वाढ मागत होते. मंडळाने मांडलं, की जानेवारी १९४१ ते मे १९४२ या काळात महागाई १५ टक्के वाढली. ज्यांना तेवढी वाढ मिळालेली नाही त्यांना उरलेली द्या. रोजाला ४४ सेंट बसले. हिशेब चोख होता. पण एका तंट्यासाठी काढलेला आकडा साऱ्या देशाचं माप होऊन बसला. ऑक्टोबरपासून तर मालक आणि कामगारांनी राजीखुशीने ठरवलेली वाढसुद्धा मंडळाच्या मंजुरीशिवाय देता येईना. मध्यस्थाचा पहारेकरी झाला तो असा. (लोक वाट काढतातच. पगार वाढवता येत नाही म्हटल्यावर कंपन्या आरोग्य विमा आणि भरपगारी सुट्ट्या देऊ लागल्या.)

१९४३ मध्ये कोळसा खाणकामगारांच्या जॉन लुईसने त्या मापाखाली जायला साफ नकार दिला. जवळजवळ पाच लाख माणसं पुन्हा पुन्हा खाणीबाहेर आली. सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, रूझवेल्टचा नकाराधिकार डावलून संपविरोधी कायदा केला, तरी कोळसा काही हुकमाने निघाला नाही. शेवटी तडजोड झाली ती पगाराच्या दराला हात न लावता. खाणीच्या तोंडापासून कामाच्या जागेपर्यंत भूगर्भातून जाण्यायेण्यात जो वेळ जाई त्याचे पैसे द्यायचे ठरले, आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासावरून पाव तासावर आली. माप कागदावर तसंच राहिलं, खाणकामगाराच्या हातात जास्त पैसे पडले.

मालकही काही कमी नव्हते. मंडळाचा हुकूम धुडकावणाऱ्या, माँटगोमेरी वॉर्ड या दुकानदारी कंपनीच्या प्रमुखाला, सूएल एव्हरीला एप्रिल १९४४ मध्ये शिकागोतल्या त्याच्या कचेरीतून सैनिकांनी अक्षरशः उचलून बाहेर आणलं. फोटो देशभर छापला गेला. माणूस हलला, मत हललं नाही.

युद्ध संपलं आणि दाबून ठेवलेलं सगळं उसळलं. १९४६ या एका वर्षात ४६ लाख कामगार संपावर गेले. जनरल मोटर्सचा संप ११३ दिवस चालला. रूझवेल्टनंतरचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या सत्यशोधन मंडळाने तासाला साडेएकोणीस सेंट वाढीची शिफारस जाहीर केली. संघटनेने ती धरली, कंपनीने झिडकारली. दरम्यान पोलादात साडेअठरावर मिटलं, आणि मोटारवाल्यांनाही मार्चमध्ये साडेअठरावरच यावं लागलं. उरलेल्या त्या एका सेंटचं भांडण आठवडे न् आठवडे ओढलं गेलं. शिफारस बंद पाकिटात राहिली असती तर? मला वाटतं, लवकर मिटलं असतं.

असं वाटायला कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कारखान्याच्या वेतनकरारात मीच पहिल्या बैठकीत ‘साधारण इतक्यावर या’ म्हणून बसलो. त्यानंतर दोन्ही बाजू एकमेकांशी बोलायच्याच बंद झाल्या. जो तो माझ्याशीच घासाघीस करू लागला. चार महिन्यांनी फेल्युअर रिपोर्ट, म्हणजे समेट फसल्याचा अहवाल, लिहिला, तो माझाच होता.

२५ मे १९४६ ला ट्रूमन काँग्रेससमोर संपकरी रेल्वे कामगारांना सैन्यात भरती करण्याचा अधिकार मागत होते. भाषण चालू असतानाच त्यांच्या हातात चिठ्ठी आली: संप मिटला. त्या वेळी त्यांचे सल्लागार जॉन स्टीलमन हॉटेलात बसून पुढाऱ्यांकडून सह्या घेत होते. हा माणूस आधी बरीच वर्षं श्रम खात्याच्या समेट सेवेचा प्रमुख होता. भरतीच्या धमकीने काम केलंच, ते मी नाकारत नाही. पण सह्या घ्यायला खोलीत कुणीतरी बसलेलं लागतं. पुढे १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने ही समेट सेवा श्रम खात्यातून काढून स्वतंत्र केली. पहिले संचालक सायरस चिंग, रबर कंपनीत कामगार विभाग सांभाळलेला माणूस. हुकूम काढायचा अधिकार त्यांनाही नव्हता.

तुझ्या त्या रात्रपाळी भत्त्याच्या प्रकरणात दोघे रकमेवर अडलेत असं लिहिलंस. पाळी किती वाजता सुटते, बस किती वाजता मिळते, मधला वेळ कुणाच्या खात्यात जातो, एवढं आधी विचारून घे. गुरुवारची बैठक झाली की फोन कर. मी दहापर्यंत जागा असतो.

तुझा,
काका