नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर अभयारण्यात पक्ष्यांच्या फोटोंसाठी सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० मिमी झूम लेन्स चालेल का?

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर बिनधास्त घ्या. सिग्मा कंटेम्पररी आणि टॅमरॉन जी२, दोन्ही साधारण दोन किलोच्या. ६०० मिमीला लेन्सचं छिद्र जास्तीत जास्त एफ/६.३ एवढंच उघडतं. उडत्या बदकांना १/२००० सेकंदाचं शटर हवंच, त्यामुळे थंडीतल्या सकाळी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००-३२०० धरूनच चला. उजेड वाढला की छिद्र थोडं लहान, एफ/८ करा, पिसं स्वच्छ येतात.

खरी गोम फोकसची. डीएसएलआरमध्ये फोकस वेगळ्या सेन्सरवर ठरतो, त्यामुळे तो थोडा पुढे किंवा मागे पडू शकतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) फोटो धारदार आणि व्ह्यूफाइंडरमधून मऊ येत असेल, तर हेच कारण. सिग्माचा यूएसबी डॉक किंवा टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल (लेन्स कॉम्प्युटरला जोडायची साधनं) वापरून जवळच्या-लांबच्या अंतरांची दुरुस्ती वेगवेगळी करता येते. लेन्समधलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअरही त्यातूनच चढतं. नव्या कॅमेऱ्यावर लेन्स अडली तर आधी तेच बघा.

मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) हा घोळ नाही. मात्र सोनी ए१, ए९वर इतर कंपन्यांच्या लेन्सना सेकंदाला १५ फ्रेमचीच मर्यादा आहे.

आणि ऊन चढल्यावर पाण्यापलीकडचे फ्लेमिंगो लिबलिबीत आले तर लेन्सला शिव्या नकोत, ती तापलेली हवा. अशा वेळी महागडी प्राइम (झूम नसलेली) लेन्सही हात टेकते.