वाचकांचे प्रश्न : गावठी गाईच्या दुधात आईच्या दुधातली साखर असते का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही गोव्यात सत्तरी तालुक्यात राहतो, गोठ्यात एक श्वेतकपिला (आमची गावठी गाय) आणि एक जर्सी क्रॉस आहे. नातू चार महिन्यांचा झाला. मोबाईलवर एक मेसेज फिरतोय की देशी गाईच्या दुधात आईच्या दुधासारखी प्रीबायोटिक साखर असते, म्हणून बाळाला तेच द्या. सुनेला वाटतं तिचं दूध पुरत नाही. श्वेतकपिलाचं दूध पाणी घालून द्यावं का? ती पुढच्या महिन्यात विणार आहे, तिचा चीक बाळाला चालेल का?

उत्तर : काकी, आधी बाळाचं सांगतो, बाकी सगळं नंतर. नको. कुठल्याही जातीच्या गाईचं नको, पाणी घालूनही नको. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि वर्षाचा होईपर्यंत प्यायला गाईचं दूध द्यायचं नाही, कारण त्यातलं प्रोटीन आणि मीठ बाळाच्या किडनीला जड जातं, लोह अगदी कमी असतं आणि काही बाळांच्या आतड्यातून त्याने नकळत थोडं थोडं रक्तही जातं. दूध पुरतं की नाही ते अंदाजाने ठरवू नका. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी होतेय का आणि वजन वाढतंय का ते बघा, आणि शंका असली तर सुनेला घेऊन सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आता त्या साखरेचं. दुधात मुख्य साखर लॅक्टोज, गाईच्या लिटरभर दुधात ४५ ते ४८ ग्रॅम. याच लॅक्टोजला आणखी साखरेचे तुकडे जोडले गेले की ऑलिगोसॅकराइड बनतात, त्या बाळाला स्वतःला पचत नाहीत, त्या आतड्यातल्या बिफिडो नावाच्या चांगल्या जंतूंचं खाणं आहेत. म्हणून प्रीबायोटिक. (प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू, ते वेगळं, मेसेजमध्ये दोन्हींची खिचडी असते.)

आईच्या लिटरभर दुधात या साखरा ५ ते १५ ग्रॅम असतात, म्हणजे एक ते तीन चमचे. गाईच्या रोजच्या दुधात लिटरला साधारण ०.०३ ते ०.०६ ग्रॅम. घरात साखरेचा डबा उघडून बघा, एका बाजूला भरलेले चमचे ठेवा आणि दुसऱ्या बाजूला नखावर मावतील एवढे दाणे, हा फरक आहे. शेळीच्या दुधात गाईपेक्षा कितीतरी जास्त, पण आईच्या जवळपासही नाही. आणि प्रकारही वेगळे, आईच्या दुधात फ्युकोज (एक साधी साखर) जोडलेल्या साखरा जास्त, गाईच्यात सियालिक आम्ल (साखरेपासून बनणारं एक आम्ल) जोडलेल्या, त्यातही सियालिललॅक्टोज, म्हणजे हे आम्ल जोडलेलं लॅक्टोज, सगळ्यात पुढे.

जातीने फरक पडतो, हे मात्र खरंय. डेन्मार्कमध्ये जर्सी आणि होल्स्टीन या दोन परदेशी जातींच्या गाईंचं दूध शेजारी शेजारी तपासलं, ते २०१२ मध्ये छापून आलं, तर जर्सीच्या दुधात सियालिक आम्लवाल्या आणि फ्युकोजवाल्या गुंतागुंतीच्या साखरा तुलनेने जास्त निघाल्या, होल्स्टीनमध्ये लहान आणि साध्या साखरा जास्त. बघा, इथे पुढे कोण निघाली तर जर्सी! आणि हे आकडे उचलून कोणी "देशी" म्हणून बाटली विकत असेल तर ती फसवणूक आहे, मला याचा मनापासून राग येतो कारण भरडलं जातं ते बाळ. ए-टू दुधाचा विषयही वेगळा, तो प्रोटीनचा आहे, या साखरांशी त्याचा संबंध नाही.

तुमची श्वेतकपिला सांभाळा हो. गोव्याची स्वतःची नोंद झालेली जात आहे ती, आपल्या पावसाला, दमटपणाला आणि डोंगरातल्या चाऱ्याला सरावलेली, तिचं मोल यासाठी आहे. दुधावर खोटे कपडे चढवायची तिला गरज नाही.

जातीपेक्षा मोठा फरक दिवसाचा पडतो. व्यायल्यावर पहिल्या दिवसाच्या चिकात या साखरा लिटरला ग्रॅमभर किंवा त्याहूनही जास्त असतात आणि दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरतात. हाताला लागला की बोटं चिकटतात असा तो पिवळा दाट चीक, पण खरवस घट्ट होतो तो साखरेमुळे नव्हे, त्यातल्या प्रोटीनमुळे, आणि त्याच प्रोटीनमध्ये वासराची रोगप्रतिकारशक्ती असते. ती वासराच्या आतड्यातून रक्तात जायचं दार २४ तासांत बंद होतं, म्हणून व्यायल्यावर दोन-तीन तासांच्या आत वासराला पाजा, वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पहिल्या दिवसात पोटात जायला हवा, वीस किलोचं वासरू असेल तर दोनेक लिटर, थोडा थोडा करून. त्यातून उरेल त्याचा गूळ-वेलची घालून खरवस करा, नीट वाफवा, आणि सुनेला भरपूर वाढा. नातवाला चमचाभरही नको.